टाळ्या वाजवू नयेत

आपण मराठी माणसे गाण्याला जातो तेव्हा कान बरोबर नेतो हे खरे, पण आपले हात कानांच्या आधी तिथे पोचलेले असतात. पुढच्या रांगेतले जाणकार मांडीवर ठेका धरतात, मधल्या रांगेतले समेवर माना हलवतात, आणि मागच्या रांगेतले तान संपली की नाही याची फारशी चौकशी न करता टाळ्यांचा कडकडाट करून मोकळे होतात. ही सवय आजची नाही. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात एकेका पदाला चार-चार ‘वन्समोअर’ वसूल करणारा प्रेक्षक आपलाच होता. १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाल्यावर ऐन थंडीत अंगाभोवती शाली गुंडाळून रात्री जागवणारा श्रोताही आपलाच. गवयाला बिदागी कोणी का देईना, दाद आपण देतो. आणि दादेवाचून गाणे म्हणजे मिठावाचून वरण, अशी आपली पिढीजात समजूत आहे.

मला स्वतःला गाण्यातले कळते किती, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारीत नाही. घरातले कळणारे माणूस कोण, ते फार पूर्वीच ठरून गेले आहे. आमच्या सौ.नी लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या होत्या. लग्नानंतर तंबोरा माहेरीच राहिला, पेटी मात्र सासरी आली. मग मंगळागौरी झाल्या, बारशी झाली, चैत्रातली हळदीकुंकवे झाली, आणि दर ठिकाणी “वहिनी, एक म्हणा की!” असा आग्रह झाला. वहिनी एक म्हणत. म्हणून झाले की कोणीतरी म्हणे, “छान हं,” आणि कैरीची डाळ पुढे येई. बायकांच्या गाण्याला टाळी नसते, हळदीकुंकू असते. फार तर ओटी.

हे सगळे आठवण्याचे कारण दक्षिणेतल्या एका देवळाच्या सावलीत ऐकलेले एक गाणे.

आमची लेक आणि जावई तिरुवनंतपुरमला असतात. जावईबापू अवकाश संशोधनाच्या कामात आहेत. ते दिवसभर रॉकेटच्या हिशोबात गढलेले, लेक आपल्या नोकरीत, आणि आठ वर्षांची नात मल्याळम, इंग्रजी आणि मराठी या तिन्ही भाषा एकाच वाक्यात बोलणारी. काही वर्षांपूर्वी ऐन नवरात्रात आम्ही उभयता तिथे जाऊन पोचलो. त्यांच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. घरात तमिळ, दारात मल्याळम, आणि आमच्याशी शाळेतले जुने, खणखणीत इंग्रजी. सौ. सकाळी देवापुढे काहीतरी गुणगुणत होत्या. ते त्यांनी भिंतीपलीकडून ऐकले असावे. संध्याकाळी येऊन म्हणाले, “आपल्याला संगीताची आवड दिसते. उद्या चौथी माळ. नवरात्रि मंडपात गायनाला चला. पण तीन अटी आहेत.”

पहिली अट वेषाची. पुरुषांनी मुंडू नेसायचे, आणि वरचे अंग उघडे. दुसरी अट वेळेची. सहाला गाणे सुरू होते, म्हणजे सहालाच सुरू होते. तिसरी अट सांगताना त्यांनी बोट वर केले.

“टाळ्या वाजवू नयेत. गाणे देवीसाठी असते. तुम्ही-आम्ही ते फक्त ऐकायचे.”

सौ.नी विचारले, “तिथे बायका गातात का हो?”

मास्तर म्हणाले, “आता गातात.”

हा ‘आता’ सौ.नी बरोबर टिपला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. पण विषय तेवढ्यावरच थांबला, कारण लेक चहा घेऊन आली, आणि मुंडू कसे नेसतात याची माझी शिकवणी सुरू झाली. धोतराचे काष्टे घालण्यात आयुष्यात कधी हयगय न केलेल्या घराण्यात माझा जन्म. पण हे वस्त्र नुसते कमरेला गुंडाळायचे आणि त्याच्यावर विश्वास टाकून रस्त्याने चालायचे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. वरच्या उघड्या अंगाचे तर विचारूच नका. माझ्या पोटाला चारचौघांत येण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या गाण्याचा मान काय आहे, हे कळायला आधी त्या देवीची हकीकत कळायला हवी. त्रावणकोर संस्थानाची जुनी राजधानी पद्मनाभपुरम. तिथल्या राजवाड्यातली सरस्वती ही राजघराण्याची आराध्य देवता. कंबन या तमिळ महाकवीच्या पूजेतली ही मूर्ती, अशी तिथली श्रद्धा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी तिरुवनंतपुरमला हलली. पण देवी आपल्या घरीच राहिली. म्हणून दर नवरात्राला ती नव्या राजधानीला पाहुणी येते. परंपरेने ती हत्तीवरून निघते. बरोबर वेळिमलैचा कुमारस्वामी आणि शुचींद्रमची मुन्नुदित्त नंगै अशी दैवते असतात. पन्नास-साठ किलोमीटरची ही वाट मुक्काम करीत चालायची, नऊ दिवस गाणे ऐकायचे, आणि पुन्हा त्याच वाटेने परत जायचे.

यात गंमत अशी की १९५६ साली भाषावार राज्ये झाली तेव्हा पद्मनाभपुरम तमिळनाडूकडे (त्या वेळच्या मद्रास राज्याकडे) गेले आणि तिरुवनंतपुरम केरळात आले. त्यामुळे ही सरस्वती दर वर्षी एका राज्यातून निघते आणि गाणे ऐकायला दुसऱ्या राज्यात जाते. माणसांनी नकाशावर रेघ ओढली, तरी देवीने आपले जाणे-येणे थांबवले नाही. सीमाप्रश्नावर पोसलेल्या आम्हां मराठी माणसांना ही गोष्ट ऐकून थोडा हेवाच वाटतो.

आम्ही कोटाच्या भागात पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. एका बाजूला पद्मतीर्थाचे पाणी, समोर पद्मनाभस्वामींच्या देवळाचे उंच गोपुर, आणि अलीकडे पुत्तन मालिका नावाचा राजवाडा. याच्या वळचणीखाली लाकडी घोड्यांची रांग कोरलेली आहे, म्हणून लोक त्याला कुतिरमालिका, म्हणजे घोड्यांचा वाडा, असेही म्हणतात. तो बांधला स्वाती तिरुनाळ महाराजांनी. नवरात्रि मंडप त्याच्याच शेजारी. आणि त्या मंडपात नऊ दिवस जी मुख्य गाणी गातात, तीही याच महाराजांची. जन्म १८१३, मृत्यू १८४६. अवघे तेहतीस वर्षांचे आयुष्य. सोळाव्या वर्षी गादी मिळाली, आणि उरलेल्या काळात इंग्रज रेसिडेंटशी वाद घालता घालता या माणसाने संस्कृत, मल्याळम, तेलुगू, कन्नड आणि हिंदुस्तानी अशा भाषांत रचना करून ठेवल्या. नवरात्रासाठी त्यांच्या नऊ संस्कृत कृती आहेत. रोज एक कृती, आणि रोजचा राग ठरलेला. पहिल्या दिवशी शंकराभरणम्, दुसऱ्या दिवशी कल्याणी, तिसऱ्या दिवशी सावेरी, चौथ्या दिवशी तोडी, मग भैरवी, पंतुवराळी, शुद्ध सावेरी, नाट्टकुरिंजी आणि शेवटी आरभी. गवई कितीही मोठा असो, त्याने चौथ्या दिवशी तोडी टाळून आपल्या आवडीचे काही मांडायचे नाही. आपल्याकडे गवयाला फर्माईश श्रोते करतात. इथे ती दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे.

मंडपात शिरलो आणि बाहेरचा गोंगाट मागे राहिला. समोर देवी आणि तिच्यापुढे तेवणाऱ्या समया. छताकडे पाहिले तर उपडी मडकी टांगलेली. मी मनात म्हटले, ही काय नवरात्रातली घटस्थापना उलटी केली आहे? मास्तरांनी कानाशी येऊन सांगितले की ती आवाजासाठी आहेत. सूर घुमून एकमेकांत मिसळू नये, तो गोल आणि स्वच्छ ऐकू यावा, म्हणून जुन्या कारागिरांनी केलेली ही योजना.

सहा वाजले. कोणी माईकसमोर येऊन “आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष” म्हटले नाही, कोणाला नारळ दिला नाही, कोणी आभार मानले नाहीत. देवीच्या सेवेतल्या भागवतरांनी तोडयमंगलम् म्हटले. आपल्या कीर्तनात बुवा पूर्वरंगाआधी नमन करतात, त्याच जातीचे हे आरंभीचे मंगल गायन. ते ऐकताना सौ. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, “हे ओळखीचं वाटतंय हो.”

वाटणारच. याचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते आपल्या माणसांना फारसे ठाऊक नसते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला मराठ्यांचे राज्य उभे केले. ते १८५५ पर्यंत टिकले. त्या राज्याबरोबर मराठी कीर्तनकार गेले, रामदासी मठ गेले, आणि आपली ओवी, साकी, दिंडी कावेरीच्या काठी राहायला गेली. तमिळ हरिकथेत ही वृत्ते आजही भेटतात. पुढे तंजावरचेच एक मराठी कीर्तनकार मेरुस्वामी तिरुवनंतपुरमला आले. त्यांचा गळा असा होता की त्यांना ‘कोकिलकंठ’ म्हणत. स्वाती तिरुनाळांनी त्यांना आपल्या दरबारी ठेवले, त्यांच्याकडून शिकले, आणि त्यांच्या कीर्तनाच्या धर्तीवर अजामिळ आणि कुचेल, म्हणजे आपला सुदामा, यांची आख्याने रचली. महाराजांना बालपणी इंग्रजी शिकवणारे सुब्बाराव, ज्यांना लोक ‘इंग्लिश सुब्बाराव’ म्हणत आणि जे पुढे संस्थानचे दिवाण झाले, तेही तंजावरचे मराठीच. तेव्हा आमच्या सौ.ना ओळखीचे वाटले ते उगीच नव्हे. माहेरचे कोणीतरी दोनशे वर्षांपूर्वी या दारातून आत आले होते.

मुख्य गाणे सुरू झाले. गवई मध्यम वयाचे, कपाळी भस्म, अंगावर फक्त मुंडू. बाजूला व्हायोलिन, मृदंगम् आणि घटम्. व्हायोलिनचे नाव ऐकून कोणाला विलायती वाद्याची आठवण होईल, पण तिथे ते केव्हाच घरचे होऊन बसले आहे. तंजावरहून आलेल्या वडिवेलू नावाच्या कलावंताला स्वाती तिरुनाळांनी १८३४ साली हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिले होते. मांडी घालून बसायचे, वाद्याचे टोक पावलावर टेकवायचे, आणि गवयाच्या गळ्यामागून सावलीसारखे चालायचे.

आलाप सुरू झाला आणि सौ.नी माझ्या कोपराला हलकेच स्पर्श केला. ओठांनीच म्हणाल्या, “भैरवी!”

मी मास्तरांकडे पाहिले. मास्तर ओठांनीच म्हणाले, “तोडी.”

दोघेही बरोबर होते. कर्नाटक पद्धतीत ज्याला तोडी म्हणतात, तिचे सूर म्हणजे आपल्या भैरवीचे सूर. रिषभ, गंधार, धैवत, निषाद सगळे कोमल. आपली तोडी त्यांच्याकडे वेगळ्याच नावाने राहते, आणि त्यांची भैरवी आपल्या भैरवीहून निराळी. चुलत भावांच्या दोन घरांत नातवंडांना आजोबांची तीच नावे ठेवलेली असावीत आणि नावे मात्र भलत्याच मुलांना गेलेली असावीत, तसे हे आहे. यमन ऐकलेल्या माणसाला त्यांची कल्याणी परकी वाटत नाही, आणि दुर्गा ठाऊक असलेला माणूस शुद्ध सावेरीत वाट चुकत नाही.

पण सूर तेच असले तरी चाल तीच नव्हती. आपल्याकडे गवई एखाद्या सुरावर ठाण मांडून बसतो, त्याला न्याहाळतो, आणि मग पुढे सरकतो. इथे सूर एका जागी उभा राहतच नव्हता. गंधार घेतला की तो झुलायचा, शेजारच्या सुराला शिवून यायचा, पाळण्यातले मूल हलते तसा हलत राहायचा. यालाच ते गमक म्हणतात. पहिली दहा मिनिटे आपल्या कानाला वाटते की या गृहस्थांनी क्षणभर थांबावे. मग केव्हातरी कान थांबण्याचा हट्ट सोडतो आणि पाळण्यात जाऊन बसतो.

आलापानंतर तानम्. ‘ता-नं-तम्’ अशा अक्षरांवर रागाला लयीत चालवायचे. एरवी दक्षिणेतल्या मैफलीत या भागात मृदंगम् गप्प असतो. इथली रीत वेगळी. इथे तानम् बरोबर मृदंगम् वाजतो. गवयाने एक वळण घ्यायचे, व्हायोलिनने ते उचलायचे, आणि मृदंगम् ने त्याच्या खाली पाऊल टाकायचे. एखादी पालखी खांदे बदलत, न हेलकावता, घाट चढते तसे ते चालले होते. आणि मग चौथ्या दिवसाची कृती आली, ‘भारति मामव’. शब्द संस्कृत, त्यामुळे अर्थासाठी कोणाचे तोंड पाहावे लागले नाही.

एवढ्यात माझे लक्ष श्रोत्यांच्या हातांकडे गेले. टाळ्यांना बंदी होती, पण हात रिकामे नव्हते. दक्षिणेत सर्वांत जास्त आढळणारा आदिताल आठ मात्रांचा. एक टाळी, मग करंगळी, अनामिका आणि मधले बोट. मग एक टाळी आणि पालथा हात, पुन्हा एक टाळी आणि पालथा हात. माझ्या पुढे बसलेले एक म्हातारबाबा, पलीकडची परकर-पोलक्यातली मुलगी, दाराशी बसलेला एक तरुण, सगळ्यांचे उजवे हात मांडीवर मुकाट्याने चालले होते. कोणाचा आवाज नाही, कोणाची घाई नाही. हात गवयाचे कौतुक करीत नव्हते. ते त्याच्याबरोबर काम करीत होते.

कृती संपली. शेवटचा षड्ज मृदंगम् वर टेकला आणि थांबला. आणि मग काहीच झाले नाही.

वाचकहो, हे ‘काहीच झाले नाही’ कसे होते ते सांगणे फार अवघड आहे. आपल्या सभागृहात अशा वेळी टाळ्यांचा पाऊस पडतो, आणि त्या पावसात शेवटचा सूर वाहून जातो. टाळी म्हणजे एका अर्थी रागाला दिलेला निरोपच. झाले तुझे, छान झाले, आता ये. इथे निरोप कोणी दिलाच नाही. त्यामुळे तोडी गेली नाही. समईची ज्योत जरा हलली, गवयांनी पाण्याचा घोट घेतला, बाहेर कुठेतरी एक सायकल घंटी वाजवीत गेली, आणि तो शेवटचा सूर आपला मंडपातच बसून राहिला. गवयांनी कोणाकडे पाहिले नाही. कसे झाले, हे विचारणारी ती चोरटी नजर, जी मी मोठमोठ्या कलावंतांच्या डोळ्यांत पाहिली आहे, ती तिथे नव्हती. त्यांना जिला विचारायचे होते, ती समोरच बसली होती.

साडेआठला गाणे संपले. लोक उठले, देवीला नमस्कार करून मुकाट्याने बाहेर पडले. पद्मतीर्थाच्या कडेने आम्ही तिघे चालत होतो. पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबे होती. माझे मन भरून आले होते, आणि मन भरले की मी बोलतो.

मी म्हटले, “काय निष्काम वृत्ती आहे पाहा! एवढी तपश्चर्या, एवढी तयारी, आणि टाळीचीसुद्धा अपेक्षा नाही. आपल्याकडच्या कलावंतांनी हे येऊन पाहायला हवे. टाळीशिवाय गाणे म्हणजे केवढा त्याग!”

सौ. दोन पावले तशाच चालल्या. मग म्हणाल्या, “तुम्हांला नवल वाटणारच. मी बेचाळीस वर्षं टाळीशिवायच गातेय. त्याला कोणी त्याग म्हटलं नाही.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. घरातला मीठाचा डबा कुठे आहे, हे सांगावे तसे त्यांनी ते सांगितले. मी मास्तरांना त्याचे इंग्रजी करून सांगितले नाही; पण काही गोष्टींना भाषांतर लागत नाही. मास्तर थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, “काल तुम्ही विचारलेत, तिथे बायका गातात का. मी ‘आता’ म्हणालो. त्या ‘आता’ची गोष्ट ऐका.”

ती गोष्ट पारश्शाला पोन्नम्माळ यांची. जन्म १९२४ चा. तिरुवनंतपुरमला १९३९ साली स्वाती तिरुनाळांच्या नावाने संगीताची संस्था निघाली, तिथली पहिली विद्यार्थिनी म्हणजे पोन्नम्माळ. पुढे त्यांनी तिथेच शिकवले. तृप्पुणित्तुराच्या संगीत महाविद्यालयाच्या त्या पहिल्या स्त्री प्राचार्य झाल्या. स्वाती तिरुनाळांच्या कृती त्यांनी आयुष्यभर गायल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवल्या. त्यांच्या हाताखाली शिकून पुरुष त्या मंडपात जाऊन गात असतील. पण बाईने तिथे गायचे नाही, असा रिवाज होता. या नऊ कृती जिला तोंडपाठ, जिचे घर त्या मंडपापासून फार लांब नाही, तिचा सूर त्या छताखाली उमटू शकत नव्हता. आणि जिच्यासाठी हे सगळे गाणे, ती देवी स्वतः बाईच!

२००६ साली तो रिवाज मोडला. पोन्नम्माळ त्या मंडपात गायल्या. तेव्हा त्यांचे वय ८१ होते. त्यानंतर इतर गायिकांनाही ते दार उघडले. २०२१ साली पोन्नम्माळ गेल्या; शहाण्णव वर्षांचे आयुष्य झाले.

सौ.नी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, “त्या गायल्या तेव्हा टाळ्या वाजल्या?”

मास्तर हसले. “तिथे कोणालाच टाळी नाही. नियम सगळ्यांना सारखा.”

“हे बरं झालं,” सौ. म्हणाल्या. “एकदाचा सारखा तरी झाला.”

मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. मुंडू सोडून ठेवले होते, पण ते वाक्य काही सुटत नव्हते. टाळी नको असे म्हणण्याचा मान कोणाला? ज्याला ती मिळू शकते त्याला. राजाने सिंहासन सोडले तर त्याची आरती होते. ज्याला बसायला पाटही मिळाला नाही, त्याच्या उभे राहण्याला कोणी वैराग्य म्हणत नाही. मंडपातली ती सुंदर शांतता मी ऐकली, ती माझ्या कानात आहे आणि राहील. पण ती शांतता पुरी झाली ती २००६ साली. तोपर्यंत तिच्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या. एक, गाऊन झाल्यावर देवीपुढे मागे ठेवलेले मौन. आणि दुसरे, गाऊच न दिल्याचे मौन. बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात. एक्याऐंशी वर्षांच्या एका बाईने तिथे बसून षड्ज लावला, तेव्हा ती दोन वेगळी झाली.

कोणी म्हणेल, एवढे मोठे तत्त्वज्ञान एका संध्याकाळीवर कशाला? पण आपल्याच घराघरांत पाहा. देवघरात, स्वयंपाकघरात, पाळण्याशी, दळणाकांडणाशी आपल्या आयाबायांनी जे गाणे जपले, त्याला आपण ‘घरगुती’ म्हणतो आणि पुढे जातो. त्यांना दाद नको होती, असे आपण गृहीत धरतो. त्यांना कोणी विचारले होते का, हा प्रश्न निराळा.

विजयादशमीला लेकीच्या घरी सरस्वतीपूजन झाले. तिकडे अष्टमीला पुस्तके देवीपुढे ठेवतात आणि दशमीपर्यंत त्यांना हात लावीत नाहीत. त्यामुळे नातीने तीन दिवस अभ्यासातून अधिकृत सुटी मिळवली होती. दशमीला लहान मुलांना तांदळात अक्षर गिरवायला देतात. आपल्याकडच्या पाटीपूजनाचेच हे भावंड. मास्तर आणि त्यांचे घरचे आले होते. पूजा झाली, सुंडल वाटून झाली, आणि मास्तरांच्या पत्नी सौ.ना म्हणाल्या की काहीतरी म्हणा.

सौ.नी आढेवेढे घेतले नाहीत. मांडी घालून बसल्या, डोळे मिटले, आणि भैरवीत एक अभंग म्हटला. पेटी नव्हती, तंबोरा नव्हता. मास्तरांचा उजवा हात मांडीवर हलकेच चालू लागला. मी हा आवाज बेचाळीस वर्षे ऐकत आलो आहे, पण समोरून, मांडी घालून, दुसरे काही न करता मी तो किती वेळा ऐकला असेन, ते मोजायला एका हाताची बोटे पुरतील.

अभंग संपला. सगळे गप्प झाले. नातीने दोन्ही हात वर केले, आणि नियम आठवून ते तसेच हवेत धरून ठेवले. तिने आजीकडे पाहिले.

“वाजव गं बाई,” सौ. म्हणाल्या. “इथे चालतं.”